फ्लॉरेन्समधील सुगी: खाणे, वाईन आणि जत्रा यांचा आस्वाद कसा घ्यावा?

शुक्रवारपेठ_कोल्हापूर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. जुन्या चित्रांच्या जतनाचा अभ्यासक्रम करण्यासाठी मी येत्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इटलीतील फ्लॉरेन्स येथे जात आहे आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहणार आहे. व्हिसा, विद्यावेतन, राहण्याची जागा हे सारे मार्गी लागले आहे, त्याविषयी काही विचारायचे नाही.

आमच्या घरात वर्ष मोजले जाते ते खाण्यावर आणि जत्रांवर. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी घेऊन त्र्यंबोलीला जायचे, ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळ्याचा सोहळा पाहायचा, दसरा चौकात सोने लुटायचे आणि दिवाळी सरली की मामांच्या गुऱ्हाळावर जाऊन उसाच्या कांडक्याने गरम काकवी चाखायची, हा क्रम मला आठवते तेव्हापासून एकदाही चुकलेला नाही. तो आता वर्षभर चुकणार याचे वाईट वाटतेच. पण माझ्याआधी परदेशी गेलेल्या दोन मैत्रिणींचे ऐकून जास्त काळजी वाटते. दोन-दोन वर्षे राहूनही त्यांचे जेवण घरून नेलेली कांदा-लसूण चटणी, मेतकूट आणि सुपरमार्केटातील बाराही महिने सारखीच दिसणारी भाजी यांच्यापलीकडे गेले नाही. तिथल्या माणसांचा ऋतू त्यांना कधी भेटलाच नाही.

मला तसे राहायचे नाही. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तिथे काय केव्हा येते, कोणत्या जत्रांना बाहेरचे माणूस संकोच न करता जाऊ शकते, आणि वाईनचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे. आमच्या घरात वाईन कधी आलेली नाही. आई-बाबांपासून लपवून मला काही करायचे नाही, पण तिथल्या जेवणाचा तो भागच असेल तर अडाणीपणाने नाकारायचेही नाही. आई-बाबा पंधरा दिवसांसाठी येणार आहेत. त्यांनी ऑक्टोबरात यावे की नोव्हेंबरात, तेही कृपया सुचवावे.

राजारामपुरीकर यांचे उत्तर

ताई, मी सहा वर्षे फ्लॉरेन्समध्ये नोकरी करून आता कोल्हापुरात परतलो आहे. माझे पहिले वर्ष तुमच्या मैत्रिणींसारखेच गेले, म्हणून तुमचा प्रश्न मनाला भिडला.

तुम्ही पहिल्याच आठवड्यात पोहोचत असाल तर ७ सप्टेंबरची संध्याकाळ मोकळी ठेवा. येशूची आई मेरी हिच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्री तिथे ‘रिफिकोलोना’ नावाचा सण असतो. पूर्वी डोंगरातील शेतकरी कुटुंबे या उत्सवासाठी आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी रात्रीच कंदील घेऊन चालत शहरात येत, त्याची ही आठवण आहे. लहान मुले काठीला टांगलेले रंगीत कागदी कंदील घेऊन सान्तिस्सिमा अनुंझियाता चौकात जमतात आणि व्रात्य मुले फुंकनळीने मातीच्या गोळ्या मारून ते कंदील पाडू पाहतात. पेटलेला कागद खाली आला की सारा चौक ओरडतो. आकाशकंदील करण्यात ज्याचे बालपण गेले त्याला तिथे परके वाटणे कठीण आहे.

त्याच सुमारास बेकरीत ‘स्कियाच्चाता’ दिसू लागते. पावाच्या कणकेचे दोन थर, त्यांच्या मध्ये आणि वर काळी द्राक्षे, साखर आणि ऑलिव्हचे तेल. भाजताना द्राक्षांचा रस कणकेत मुरून ती जांभळी होते. द्राक्षे बियांचीच असतात आणि बिया दाताखाली कचकचतात. पहिल्यांदा मला वाटले की काहीतरी चुकले आहे. चुकलेले नसते. वाईनच्या द्राक्षांचीच ती पोळी असल्यामुळे तोडणी संपली की तीही संपते आणि ऑक्टोबर अखेरीस मागितली तर बेकरीवाला मान हलवतो. मेमध्ये हुरडा मागणाऱ्याकडे आपण जसे पाहू तसे तो पाहतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे नवे तेल. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत फ्लॉरेन्सभोवतीच्या टेकड्यांवर झाडांखाली जाळी अंथरून ऑलिव्ह उतरवतात आणि घाण्यावर नेतात. त्या घाण्याला ‘फ्रांतोयो’ म्हणतात. गुऱ्हाळाची सवय असलेल्या माणसाने हे स्थळ चुकवू नये. माझ्या घरमालकिणीची चाळीसेक झाडे होती. तिच्याबरोबर मी रात्री नऊ वाजता एका गावातील घाण्यावर गेलो, कारण तोडलेले फळ शक्यतो त्याच दिवशी गाळावे लागते, ते साठून राहिले की तापते आणि तेलाला कुबट वास लागतो. आत काहील नव्हती, चुलवाण नव्हते, सगळी स्टीलची यंत्रे होती. पण आपापल्या क्रेट्सजवळ उभे राहून नंबराची वाट पाहणारी माणसे, आपला माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून डोळ्यात तेल घालून ठेवलेली नजर आणि कोपऱ्यात पेटलेली शेकोटी पाहून मला आमच्या गुळव्याची आठवण झाली. शेवटी तोटीतून तेल आले ते हिरवेगार, गढूळ आणि ओल्या गवताच्या वासाचे. शेकोटीवर भाजलेल्या पावावर लसणाची पाकळी घासून त्यावर ते तेल ओतून मला दिले गेले. याला ‘फेत्तुन्ता’ म्हणतात. तिसऱ्या घासाला घशात अशी झणझण उठली की मला खोकला आला आणि घरमालकीण खूश झाली, कारण ती झणझण हीच ताजेपणाची खूण आहे. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला तिचे वावडे असण्याचे कारण नाही.

एक सावधगिरी सांगतो. पर्यटकांच्या गर्दीतील एका दुकानातून मी ‘नवे तेल’ म्हणून महागडी बाटली घेतली होती आणि घरी येऊन पाहिले तर लेबलावर आदल्या वर्षीचा हंगाम छापलेला होता. म्हणून हंगामाचे वर्ष वाचल्याशिवाय घेऊ नका, शक्य तर घाण्यावरूनच डबा घ्या आणि तो उजेडापासून व शेगडीपासून दूर ठेवा.

तासगावची_लेक यांचे उत्तर

माझे माहेर तासगावचे, घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. गेली काही वर्षे मी सिएनाजवळ राहते. त्यामुळे वाईनविषयी मी लिहिते.

ताई, तिथे वाईन हे प्यायला बसण्याचे पेय नाही, जेवणाचे पेय आहे. घरी जेवायला बोलावले तर टेबलावर पाण्याची आणि वाईनची अशा दोन्ही बाटल्या असतात; आजोबा एक छोटा पेला दोन तास पुरवतात आणि कोणी घेत नसेल तर ‘मी घेत नाही’ एवढे एकदा म्हणणे पुरते, पुन्हा आग्रह होत नाही. आपल्याकडे पाहुण्याला जेवढा आग्रह होतो त्याच्या निम्माही तिथे होत नाही. आई-बाबांना तुम्ही हे आधीच, जाण्यापूर्वी, घरात बसून सांगावे असे मला मनापासून वाटते. मी सांगितले नव्हते आणि नंतर फोटो पाहून वडिलांना जे वाईट वाटले ते टाळता आले असते.

चाखायचेच असेल तर सुरुवात ऋतूपासून करावी. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी फ्लॉरेन्सजवळच्या इंप्रुनेता गावी द्राक्षांचा उत्सव असतो. तो १९२६ पासून चालत आला आहे. गावातील चार पेठा वर्षभर राबून रथ सजवतात आणि चौकात एकमेकींवर ईर्ष्येने उतरतात. कोल्हापूरच्या तालमींची ईर्ष्या पाहिलेल्या माणसाला तिथला गलका समजावून सांगावा लागत नाही. शहरातून बसने जाता येते आणि बसनेच जावे. इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम एवढीच मद्यार्काची मर्यादा आहे आणि परवाना मिळून तीन वर्षे झालेली नसतील तर शून्य.

मग ३० ऑक्टोबर. या तारखेपासून त्या वर्षीची ‘नोवेल्लो’, म्हणजे नवी वाईन, विकायला कायद्याने परवानगी मिळते. यातील बरीचशी द्राक्षे न चिरडता, घडच्या घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून आंबवतात, म्हणून ती फळासारखी हलकी लागते आणि ठेवून मुरवण्याच्या कामाची नसते. चेस्टनट नावाच्या पिठूळ गराच्या कवचफळाबरोबर, ते भाजून, ती घेतात. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस येतो. त्या दिवशी रस वाईन होतो अशी तिथली म्हण आहे आणि घरोघरी नवी वाईन उघडली जाते. किआन्ती ही तिथली प्रसिद्ध वाईन मात्र वेगळी, ती सान्ज्योवेझे जातीच्या काळ्या द्राक्षाची आणि मुरलेली. तिच्या प्रदेशाची हद्द १७१६ साली तिथला सत्ताधीश तिसरा कोझिमो द मेदिची याने जाहीरनामा काढून ठरवून दिली होती.

मला स्वतःला जिने जिंकले ती ‘विन सान्तो’ नावाची वाईन. पांढरी द्राक्षे तोडून माळ्यावर बोरूच्या चटयांवर पसरतात किंवा घड टांगून ठेवतात आणि थंडीत ती सुरकुतली की पिळून तो दाट रस लहान पिंपांत वर्षानुवर्षे ठेवतात. पहिल्यांदा त्या माळ्यावर चढले तेव्हा समोर आमची बेदाण्याची शेडच होती. तशाच रांगा आणि अर्धवट सुकलेल्या द्राक्षाचा तोच गोडसर वास. आम्ही घड द्रावणात बुडवून पंधरा-वीस दिवसांत बेदाणा उतरवतो, ते तीन-चार महिने थांबतात, एवढाच फरक. मी तिथे बराच वेळ काही न बोलता उभी होते.

शहरात फिरताना जुन्या वाड्यांच्या भिंतीत, साधारण कोपराच्या उंचीवर, हातभर उंचीची कमानदार खिडकी दिसली तर थांबून पाहा. सोळाव्या शतकापासून जमीनदार घराणी आपल्या मळ्यातील वाईन या खिडकीतून थेट विकत असत. १६३० च्या प्लेगमध्ये माणसाचा माणसाला स्पर्श होऊ नये म्हणून त्यांचा उपयोग झाला. काही आज पुन्हा उघडल्या आहेत.

मार्गशीर्ष यांचे उत्तर

एक छोटी भर. आई उपवास करत असतील तर त्यांच्यासाठी ‘कास्तान्याच्चो’ लक्षात ठेवा. चेस्टनटचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, वर मनुका, चिलगोझ्यासारख्या बिया आणि रोझमेरीची पाने. अंडे नाही, दूध नाही, साखरही नाही. शिंगाड्याचे पीठ चालते तर हे का नाही, असा विचार करून माझ्या आईने ते उपवासाला चालवून घेतले. मात्र चेस्टनट ऑक्टोबरात पडतात, मग धुराच्या मंद आचेवर सुमारे चाळीस दिवस वाळतात आणि त्यानंतर दळले जातात. म्हणजे नवे पीठ नवरात्राला मिळत नाही, ते बरोबर मार्गशीर्षातील गुरुवारांना येते. अख्ख्या चेस्टनटसाठी ऑक्टोबरातील रविवारी रेल्वेने मार्राडी गावच्या जत्रेला जा. सकाळची गाडी धरा, दुपारी पाय ठेवायला जागा नसते.

शुक्रवारपेठ_कोल्हापूर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री ही सर्व उत्तरे मी आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. वाईनवर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मळ्यात जाऊन बघ, मग ठरव.” तेलाच्या घाण्याचे ऐकून त्यांनीच नोव्हेंबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंतचा मुक्काम पक्का केला. आईने विचारले आहे की कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री तिथे आहे असे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. ती कुठे आहे, आणि तिथे वाहायला फुले मिळतील का?

पंचगंगाकाठ यांचे उत्तर

बाळ, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मुलाकडे गेलो असताना मी तिथे जाऊन आलो आहे.

महाराज १८७० साली इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. प्रवासात त्यांनी ठेवलेली रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. पाण्याच्या संगमावर दहन व्हावे म्हणून आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात ती जागा निवडली गेली, आणि १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे आपला नवा राजवाडा बांधला तेच. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, डोक्यावर पागोटे, गळ्यात दागिने. जवळच्या मोठ्या पुलालाही तिथले लोक ‘त्या भारतीयाचा पूल’ असेच म्हणतात.

ही जागा काश्शिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. उद्यान लांबलचक आहे, ट्रामच्या थांब्यापासून बरेच चालावे लागेल. पायात चांगले बूट आणि सोबत छत्री असू द्यावी, कारण नोव्हेंबरात पाऊस असतो आणि आर्नो आपल्या पंचगंगेसारखीच गढूळ होऊन वाहते. तुमचा मुक्काम महिनाअखेरपर्यंत आहे, तर ३० तारखेलाच जा.

फुलांचे विचारलेस. नोव्हेंबरात तिथल्या प्रत्येक फुलवाल्याकडे शेवंतीचे ढीग लागलेले असतात. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो आणि तिकडे शेवंती फक्त थडग्यांवर वाहतात, म्हणून ती कोणाच्या घरी भेट म्हणून कधीही नेऊ नकोस. महाराजांसाठी मात्र पिवळी शेवंतीच घे. मी कागदात गुंडाळलेली एक जुडी घेऊन गेलो होतो, तेव्हा फुलवालीने काही न विचारता तिला काळी फीत बांधून दिली. मी ती तिथे पोहोचल्यावर सोडली आणि फुले सुटी करून वाहिली, जशी आपण वाहतो.