कार्डांचा खेळ जमतो, मग १०११ म्हणजे किती हे का सांगता येत नाही?

प्रश्न : संगणकशिक्षिका

नमस्कार. मी सहावीच्या वर्गाला द्विमान पद्धती, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांनी संख्या लिहिण्याची रीत, शिकवते. दोनने भागत जाऊन बाकी मांडण्याच्या रीतीपासून सुरुवात न करता या वर्षी मी प्रथम ‘सीएस अनप्लग्ड’ या, संगणकाविना संगणकशास्त्र शिकवणाऱ्या उपक्रमसंचातील सुपरिचित खेळ घेतला. पाच विद्यार्थी फळ्यापुढे ओळीने उभे राहतात, त्यांच्या हातांत १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढलेली एकेक कार्डे असतात आणि वर्ग जी संख्या सांगेल नेमके तेवढेच ठिपके दिसावेत अशा बेताने त्यांनी काही कार्डे दाखवायची व उरलेली पालथी धरायची असतात. खेळ रंगला. २१ म्हणताच १६, ४ आणि १ ही कार्डे क्षणात वर आली; ३१च्या पुढे जायचे तर ३२ ठिपक्यांचे सहावे कार्ड लागेल, हेही मुलांनी स्वतःच शोधून काढले.

अडचण दुसऱ्या दिवशी आली. फळ्यावर १०११ लिहून ही द्विमान संख्या किती असे विचारले (उत्तर अकरा), तेव्हा निम्म्याहून अधिक वर्गाने ‘एक हजार अकरा’ असे उत्तर दिले आणि एका मुलीने अंकांची बेरीज करून ‘तीन’ सांगितले. १३ ही संख्या द्विमान पद्धतीत लिहायला सांगितल्यावर एका मुलाने वहीत ८४१ असे लिहिले. कार्डे त्याने अचूक निवडली होती, हे उघडच आहे. मग खेळाकडून लेखनाकडे जाताना नेमका कोणता दुवा निसटतो आणि तो जोडण्यासाठी वर्गात प्रत्यक्ष हाताने करण्याजोगे काय आहे, हे अनुभवी शिक्षकांनी सांगावे.

प्रतिसाद : हातचा_एक

आपल्या विद्यार्थ्याचे ८४१ हे उत्तर चुकीचे असले तरी निदान म्हणून फार उपयोगाचे आहे. कार्डांच्या खेळात मुले वस्तुतः बेरीज करत असतात. पाच ठरलेल्या संख्यांमधून योग्य त्या निवडायच्या, एवढेच तिथे काम असते आणि त्यात स्थानाला काहीच महत्त्व नसते, कारण कार्डे उलटसुलट क्रमाने उभी केली तरी ठिपके तेवढेच भरतात. पालथे कार्ड म्हणजे ‘इथे काही नाही’, आणि जे नाही ते लिहायचे कशाला, असा मुलाचा विचार असतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही ८४१च लिहिले असते.

म्हणून मी कार्डांआधी मण्यांचा उपक्रम घेतो. दोघादोघांत एक कागदी पट्टी, तिच्यावर शेजारी शेजारी पाच चौकोन आणि मूठभर मणी. सगळे मणी उजवीकडच्या शेवटच्या चौकोनात ठेवायचे. नियम एकच : एका चौकोनात दोन मणी झाले की ते दोन्ही उचलायचे आणि त्यांच्याबद्दल डावीकडच्या चौकोनात एक मणी ठेवायचा. १३ मणी घेतले तर उजवीकडून पहिल्या चौकोनातून सहा जोड्या निघतात व एक मणी उरतो. दुसऱ्यात आलेल्या सहा मण्यांच्या तीन जोड्या होऊन तो रिकामा होतो. तिसऱ्यातील तीनांपैकी एक उरतो आणि चौथ्यात एक जातो. पाचवा चौकोन कोराच राहतो.

या ठिकाणी घाई करू नये. दरवर्षी कोणीतरी विचारतेच, की मधला चौकोन रिकामा आहे, तो लिहायचा का? मी उत्तर देत नाही; तो वगळून लिही असे सांगतो. वहीत १११ येते. मग तेच १११ कोऱ्या पट्टीवर मांडून प्रत्येक मणी मूळच्या किती मण्यांच्या बदल्यात आला हे उलगडत परत यायला लावतो. चार, दोन आणि एक मिळून सातच मणी हाती येतात. सहा मणी कुठे गेले, यावर दोघांत जी हुज्जत होते, तिच्यातून शून्याचे काम कळते. माझ्या समजावण्याने ते इतके कधी कळले नाही. पाचव्या चौकोनाचे शून्य लिहिले काय आणि न लिहिले काय, संख्या बदलत नाही, हेही तिथेच तपासून घ्यावे.

याच पट्टीवर आदल्या तासिकेला ‘दहा झाले की डावीकडे एक’ हा नियम चालवून पाहावा. तो मुलांच्या ओळखीचा हातचाच आहे. नंतर पाचाचा नियम, मग दोनाचा. आपण दशमान पद्धतीतही हेच करत आलो, फक्त गठ्ठा दहाचा होता, हे एकदा हाताला समजले की ‘एक हजार अकरा’ हे उत्तर कमी होते. वाचताना मात्र ‘एक-शून्य-एक-एक’ असेच वाचण्याची शिस्त आपण स्वतः पाळायला हवी.

प्रतिसाद : खडू_फळा

वरील मत मला मान्य आहे. तरी कार्डांचा खेळ टाकून देऊ नये, तो चालता करावा असे मी म्हणेन. ठिपके काढून टाका आणि पाच मुलांना केवळ उठायला-बसायला सांगा; उभा म्हणजे १, बसलेला म्हणजे ०. मी टाळी वाजवली की एककाच्या जागेवरचा विद्यार्थी बसला असेल तर उठतो, उभा असेल तर बसतो. इतरांनी माझ्याकडे लक्षच द्यायचे नाही : उजवीकडचा शेजारी खाली बसला की आपली स्थिती बदलायची, तो उठला तर काहीही करायचे नाही. एवढ्या नियमावर शून्यापासून ३१पर्यंतची मोजणी आपोआप घडते. पंधराव्या टाळीला चौघे उभे असतात आणि सोळाव्या टाळीला ते एकामागून एक बसत जाऊन पाचवा उठतो, तेव्हा हातचा वर्गातून चालत गेलेला दिसतो.

एकदा सोळाच्या जागेवरच्या मुलाने तक्रार केली, की मला कामच नाही. मी कोण किती वेळा हलले ते मोजायला सांगितले. ३१ टाळ्यांत एककाचा विद्यार्थी ३१ वेळा, पुढचे १५, ७ आणि ३ वेळा आणि तक्रारदार एकदाच. मुलांनी त्या आकड्यांतून जे काढले, ते मी योजलेले नव्हते.

एक व्यावहारिक सूचना. मुले वर्गाकडे तोंड करून बसली, तर वर्गाच्या उजवीकडचा एकक त्यांच्या डाव्या हाताला येतो आणि ‘उजवीकडचा शेजारी’ या शब्दांवर सगळा खेळ कोसळतो. माझी एक संपूर्ण तासिका यात गेली. आता मी त्यांना फळ्याकडेच तोंड करायला लावतो.

प्रतिसाद : लघुगुरू

मराठीच्या तासाशी सांगड घालता येईल. वृत्तांचे गण लक्षात ठेवण्याच्या ‘यमाताराजभानसलगम्’ या सूत्रातील लघू अक्षराला ० आणि गुरू अक्षराला १ मानून दर वेळी एकेक अक्षर पुढे सरकत तीन-तीन अक्षरे घेतली, तर ०११, १११, ११०, १०१, ०१०, १००, ००० आणि ००१ असे आठही गण मिळतात, एकही दोनदा येत नाही. टाळी आणि चुटकी वापरून हे सूत्र वर्गाकडून म्हणवून घेता येते.

प्रतिसाद : हातचा_एक

कल्पना सुंदर आहे, पण ती या अडचणीवरचा उपाय नाही. तीन जागांत दोन चिन्हे आठ प्रकारे मांडता येतात, हे तिच्यातून उत्तम कळते. मात्र गणांना स्थानिक किंमत नसते आणि आपल्या विद्यार्थ्यांचे नेमके तिथेच अडले आहे. बोटांवरच्या मोजणीबद्दलही तेच म्हणता येईल. दहा बोटांवर १०२३पर्यंत मोजता येते हे ऐकून मुले हरखतात, परंतु ते स्थानिक किंमत पक्की झाल्यावरच घ्यावे. (तेव्हाही बोटे हवेत न उचलता बाकावर टेकवून मोजायला सांगावे, कारण ४ ही संख्या एकट्या मधल्या बोटाची असते आणि तिच्यापुढे त्या दिवशी गणित होत नाही.)

संगणकशिक्षिका

सर्वांचे आभार. काल मण्यांची पट्टी घेतली. दहाच्या नियमालाच अर्धी तासिका लागली, तरी ती वाया गेली असे वाटत नाही. ज्याने ८४१ लिहिले होते, त्याने आज चौकोनांवर स्वतःहून ८, ४, २, १ असे लिहिले आणि त्यांच्याखाली ११०१. नंतर त्याने एक मणी वाढवून १४ची मांडणी केली, पुढे १६ आणि १८चीही केली आणि सम संख्येच्या शेवटी दर वेळी शून्यच का येते, असे विचारले. मी खडू खाली ठेवून थांबले. त्याच्या जोडीदाराने पहिल्या चौकोनावर बोट ठेवून सांगितले, “सगळ्यांच्या जोड्या झाल्या, इथे कोणी उरलंच नाही.”