म्हातारपणी परदेशात राहायचं ठरवलं होतं का? तुमचे अनुभव सांगा

लक्ष्मीनगर
पावसाळ्याआधी दिवाण रिकामा करताना बाबांची निळी फाईल सापडली. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. दीक्षाभूमीवर भेटलेल्या एका थाई भंतेंच्या ओळखीनं ते २०१३ मध्ये थायलंड बघून आले होते. रिटायर झालो की आईला घेऊन चियांग माईला राहायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. वय पन्नासच्या वर आणि तिथल्या बँकेत ८ लाख बाट (तिथलं चलन), ही निवृत्तांच्या व्हिसाची मुख्य अट. पासबुकाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीनं हिशेब आहे, ८ लाख बाट म्हणजे १५ लाख रुपये. खाली दोन रेघा मारून लिहिलंय, "मौद्याची शेती विकायची नाही." मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रात्रभर डोळा लागला नाही. तुमच्या घरी कोणी असं ठरवलं होतं का? पैशाचं, व्हिसाचं कसं जमवलं?

मनीषनगरवाला
दादा, गलबललं वाचून. माझे मोठे साडू थायलंडमध्येच हुआ हिनला आहेत. ते ८ लाख व्हिसाची मुदत वाढवायच्या आधी दोन महिने खात्यात पाहिजेत, नंतर तीन महिने हलवायचे नाहीत, बाकी वर्षभर ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. नाहीतर महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न दाखवा. वर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. आता त्या ८ लाख बाटचे २० लाख रुपयांच्या वर होतात. साडूंनी तेवढी रक्कम वेगळीच काढून ठेवली आहे, घरखर्च दुसऱ्या खात्यातून.

धरमपेठची काकू
आम्ही कॅनडा. तिथल्या मुलांच्या आईवडिलांसाठीचा सुपर व्हिसा, एका खेपेला ५ वर्षं राहता येतं. उत्पन्न मुलाचं बघतात, पण विमा १ लाख कॅनेडियन डॉलरचा लागतोच. यांना शुगर, त्यामुळे हप्ता ऐकूनच पोटात गोळा आला. सूनबाईंनी भरला, तिचे उपकार विसरणार नाही. पण जानेवारीत खिडकीशी बसून हे एकच म्हणत, ४५ डिग्री परवडलं. दीड वर्षात परत. कुकर झाला, येते.

पारडी_रोड
मौद्याला कुठं शेती आहे हो? कन्हानच्या बाजूला का? आमचं धान आहे तिकडं.

बँकेतून निवृत्त
पैसे पाठवणाऱ्यांसाठी लिहितो. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. अशा कामासाठी १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्न भरताना तो कर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, म्हणून मार्चच्या आधी थोडा आणि एप्रिलनंतर थोडा पाठवावा. अन् तिकडं कायमचं राहायला गेलात तर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या. हे न केल्यानं माझ्या काउंटरवर म्हातारी माणसं रडताना पाहिली आहेत. एनआरआय झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवीन खातं उघडता येत नाही, तेही जायच्या आधी बघा.

त्रिमूर्तीनगर
सर, हयातीचा दाखला राहिला! आई बहिणीकडे अमेरिकेत होती, नोव्हेंबर हुकला, पेन्शन थांबली. बहीण सुट्टी काढून तिला वकिलातीत घेऊन गेली तेव्हा सुरू झाली. बहीण तिकडची नागरिक म्हणून आईचं ग्रीन कार्ड झालं, पण मेडिकेअर, म्हणजे तिकडचा म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, पाच वर्षं राहिल्याशिवाय मिळत नाही. तोवर काही दुखलं तरी नागपूरला यायची वाट बघायची. आता आई इथंच आहे, रोज अंबाझरीला फिरून येते.

धरमपेठची काकू
त्रिमूर्तीनगर, आईंना नमस्कार सांगा. अंबाझरीला मीही येते, सकाळी सहाला.

मनीषनगरवाला
दादा, आई काय म्हणतात?

लक्ष्मीनगर
आत्ताच फाईल दाखवली. पेन्सिलीच्या अक्षरावरून बोट फिरवत बसली. म्हणाली, पैसे जमले होते रे, शेती न विकता. हे आजीला विचारायला गेले, ती अंथरुणावर होती, म्हणाली जा बापू. तिथून उठले अन् फाईल दिवाणात टाकली.
बँकवाले काका, आईचा पासपोर्ट २०१९ ला संपलाय. नवा काढायला टाकतोय. तिला एकदा चियांग माई दाखवून आणतो, फिरायला म्हणून, पंधरा दिवस.
पारडी_रोड भाऊ, हो, कन्हानच्याच बाजूला. रविवारी जाऊन राहिलो, या.