फोनवर गाणी वाजतात, निवेदन गायब! मदत हवी आहे (तातडीने)

सुरपेटी
स्वतंत्र गायक-वादकांच्या गाण्यांचा पॉडकास्ट घरून करते. शेवटच्या दोन भागांत भलतेच होऊन बसले आहे. हेडफोनवर सगळे ठीक, पण फोनच्या स्पीकरवर लावले की गाणी खणखणीत आणि माझे बोलणे जवळजवळ नाहीच. लांब विहिरीत कुणी पुटपुटतेय असे वाटते. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवरही तेच. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचे सॉफ्टवेअर) वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचे चित्र, चांगला जाडजूड दिसतो. आधीच्या भागांत असे नव्हते आणि मी काहीही बदललेले नाही. शुक्रवारी पुढचा भाग चढवायचा आहे. कृपया "माइक बदला" सांगू नका.

खर्जातला
माइक कोणता ते न सांगताच बदला म्हणू नका, हे बरे आहे. साध्या खोलीत कंडेन्सर (फार संवेदनशील माइक) असेल तर आवाजापेक्षा भिंतीच जास्त रेकॉर्ड होतात आणि लहान स्पीकरवर तो घुमारा शब्द खाऊन टाकतो. डायनॅमिक (कमी संवेदनशील माइक) घ्या, तोंडापासून १० ते १५ सेंमी, थोडा तिरका, म्हणजे प-फ-भ चे फटके बसत नाहीत. पाठीमागे कपड्यांचे उघडे कपाट किंवा जाड रजई. निम्मे प्रश्न इथेच संपतात.

कानसेन
घुमाऱ्याने आवाज गढूळ होतो, गायब होत नाही. सुरपेटी, एवढे सांगा: (१) एकच इअरबड कानात घालून ऐकल्यावर निवेदन येते का, डावा आणि उजवा वेगवेगळा तपासून? (२) दोन्ही घातल्यावर आवाज समोर मध्यभागी वाटतो की कुठेतरी डोक्यामागे पसरलेला? (३) माइक ते फाइल, मधली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक केबल. "नेहमीचेच" असे उत्तर नको.

सुरपेटी
१. दोन्ही इअरबडमध्ये एकेकट्याने व्यवस्थित येते.
२. हो!! डोक्याच्या मागून. मला वाटले हेडफोन जुना झाला.
३. माइक, मिक्सर, तिथून हातात मावणारा रेकॉर्डर, मग कार्डावरून लॅपटॉप. गाणी नंतर ऑडॅसिटीत जोडते. माइक डायनॅमिकच आहे.

डेसिबल_दादा
गाणी मास्टर केलेली असतात, −९ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) सहज जातात. निवेदन −२२ च्या आसपास असेल तर फोनवर मरणारच. गाणी आणि निवेदन वेगवेगळे मोजून दोन्ही −१६ ला आणा, ट्रू पीक (लाटेचे खरे शिखर) −१ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आपसूक −२३ भरलेले असते, ते बदलायला लोक विसरतात. मोनो (एकाच चॅनेलचा) ट्रॅक असेल तर "ड्युअल मोनो" ची (तो दोन्ही बाजूंना वाजेल असे धरून मोजण्याची) खूण राहू द्या, नाहीतर ३ डीबीचा घोळ होतो.

सुरपेटी
ते करतेच. दोन्ही −१६ आहेत. मीटर बरोबर दाखवतो, फोन दाखवत नाही, हीच तर तक्रार आहे.

कानसेन
मीटर खोटे बोलत नाही, पण त्याला ही चूक दिसतच नाही. एलयूएफएस मोजताना डाव्या आणि उजव्या चॅनेलची शक्ती वेगवेगळी काढून मग बेरीज होते. वर्ग केला की उणे चिन्ह जाते. तुमच्या निवेदनात उजवा चॅनेल डाव्याचा नेमका उलटा आहे. हेडफोनमध्ये दोन कान दोन वेगळे ऐकतात म्हणून चालते. एका स्पीकरवर दोघांची बेरीज होते: अधिक आणि उणे, बाकी शून्य. जे पुटपुटणे उरते ते दोन बाजूंमधला किरकोळ फरक.

खात्री करायची तर निवेदनाचा एखादा "प" निवडा आणि इतके झूम करा की लाट एकेक वळणाने दिसेल. वरची लाट डोंगर काढते तिथे खालची दरी काढत असेल, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी, तर निदान पक्के.

सुरपेटी
बघितले. हुबेहूब प्रतिबिंब. पण हे झाले कसे? काहीच बदलले नाही हो.

जॅकपिन
मिक्सरच्या कुठल्या भोकातून केबल निघते?

सुरपेटी
मेन आउट, डावा. आधी फोन्सच्या (मिक्सरवरच्या हेडफोनच्या) जॅकमध्ये होती, पण बोलताना स्वतःला ऐकायला हेडफोन तिथे लावला, म्हणून केबल शेजारी सरकवली. केबल तीच आहे.

जॅकपिन
याला "काहीच बदलले नाही" म्हणतात होय. :)

पिनवर दोन काळ्या रेघा असणार, म्हणजे टोक, मधली कडी आणि दांडा असे तीन भाग. फोन्सच्या जॅकमध्ये टोकावर डावा आणि कडीवर उजवा चॅनेल येतो. मेन आउट मात्र बॅलन्स्ड आहे: एकच सिग्नल, टोकावर सरळ आणि कडीवर उलटा. पुढच्या यंत्राने दोघांची वजाबाकी करून वाटेत घुसलेली गुणगुण काढून टाकायची, असा तो डाव. तुमच्या रेकॉर्डरचा ३.५ मिमी लाइन-इन स्टिरिओ आहे, त्याला वजाबाकी माहीत नाही. त्याने टोक डावीकडे लिहिले, कडी उजवीकडे. भोक सारखे, पिन सारखी, अर्थ वेगळा.

(काही मिक्सरांत कडीवर सिग्नल नसतोच, फक्त रोध जुळवलेला असतो. तुमचा तसा असता तर उजवा चॅनेल मुका राहिला असता आणि पहिल्याच दिवशी कळले असते.)

भूप_बाराला
सोपा उपाय: रेकॉर्डर मोनोवर ठेवा. बोलायला स्टिरिओ हवाय कशाला?

जॅकपिन
अजिबात नको!! मोनोवर ठेवला की रेकॉर्डर तीच बेरीज आत करेल आणि निवेदन कार्डावर पोचायच्या आधीच नष्ट होईल. आत्ता निदान फाइलमध्ये जिवंत आहे.

भूप_बाराला
ओके, मागे घेतो.

सुरपेटी
मग शुक्रवारसाठी कुठली केबल?

जॅकपिन
मिक्सरला टेप आउट किंवा रेक आउट अशी लाल-पांढरी आरसीए भोके आहेत का? असतील तर दोन आरसीए ते एक ३.५ मिमी स्टिरिओ केबल, आणि माइकचा पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे वळवणारी खुंटी) मधोमध. ते आउटपुट बॅलन्स्ड नसते, त्यामुळे घोळच नाही. फक्त त्याची पातळी मेन आउटपेक्षा साधारण १२ डीबी कमी असते (−१० डीबीव्ही विरुद्ध +४ डीबीयू, एकके वेगळी आहेत म्हणून फरक १४ नाही). रेकॉर्डरची इनपुट पातळी तेवढी वाढवा आणि बोलतानाचे शिखर −१२ ते −६ डीबीएफएसच्या (० म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा) दरम्यान ठेवा.

खर्जातला
नवीन केबल कशाला? मेन आउटला दोन भागांची साधी मोनो पिन लावली की कडी आपोआप दांड्याला टेकते, उलटा सिग्नल जमिनीत. डाव्या-उजव्या दोन मोनो पिना आणि दुसऱ्या टोकाला एक स्टिरिओ.

जॅकपिन
बऱ्याच मिक्सरांत चालते, सगळ्यांत नाही. काही आउटपुटमध्ये उलट्या बाजूचा अ‍ॅम्प्लिफायर थेट ग्राउंडला जोडलेला आवडत नाही, तो तापतो किंवा आवाज फाटतो. मॅन्युअलमध्ये "अनबॅलन्स्ड जोडणी चालेल" असे लिहिले असेल तर बिनधास्त करा. आरसीए असताना ही तपासणी हवी कशाला, एवढेच माझे म्हणणे. आणि डावा-उजवा आउट वाय-जोडाने एकत्र बांधू नका, दोन आउटपुट एकमेकांना ढकलत बसतात.

वायरलेस_वामन
यापेक्षा यूएसबी इंटरफेस (माइक थेट लॅपटॉपला जोडणारी पेटी) घ्या, मिक्सर आणि रेकॉर्डर दोन्ही कटाप. फक्त प्रोजेक्ट आणि इंटरफेस दोन्ही एकाच सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल चुकून ४८ म्हणून वाजली तर सुमारे ९ टक्के जलद जाते आणि जवळपास दीड स्वर वर चढते. गाण्याच्या कार्यक्रमात ते लगेच पकडले जाते.

कानसेन
दीड स्वर नाही, दीड सेमीटोन, म्हणजे पाऊण स्वर. बाकी बरोबर, पण विचारले कुणी?

सुरपेटी
आरसीए भोके आहेत, धुळीने भरलेली. केबल मागवली. आता चढवलेल्या दोन भागांचे काय? प्रोजेक्ट फाइली जागा करायला उडवल्या. फक्त तयार एमपी३ आहेत, गाण्यांसकट. कार्डही पुसले.

खर्जातला
स्प्लिट स्टिरिओ ट्रॅक करा, उजव्यावर इन्व्हर्ट (लाट उलटी करणे) लावा, परत स्टिरिओ करा. दोन मिनिटे.

कानसेन
थांबा, ते अख्ख्या फाइलवर केलेत तर निवेदन सुधारेल आणि गाणी बिघडतील. गाण्यांचे दोन्ही चॅनेल सरळ आहेत, त्यांचा उजवा उलटा केला की फोनवर गायकच गायब, कारण गायकाचा आवाज बहुधा मधोमध मिसळलेला असतो. ज्यांच्यासाठी कार्यक्रम, तेच नाहीसे. सुरपेटी, निवेदनाखाली संगीत चालू असते का? हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.

सुरपेटी
सुरुवातीला आणि गाण्यांच्या मध्ये हलकी तानपुरा-सिंथची लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) असते. सांगायला हवे होते का?

कानसेन
हवे होते. :) तर असे करा. एमपी३ उघडली की आधी वाव्ह (न आकसलेली फाइल) म्हणून साठवा आणि काम त्यावरच. पूर्ण गाण्याच्या तुकड्यांना हात लावू नका. निवेदनाच्या तुकड्यांसाठी दोन रस्ते आहेत.

पहिला: डावा चॅनेल ठेवा, उजवा टाका (स्प्लिट स्टिरिओ टू मोनो करून खालचा पुसायचा). डावीकडे तुमचा सरळ आवाज आणि लूपची डावी बाजू आहे. मोनो होईल, पण काही कापले जाणार नाही.

दुसरा जरा गमतीचा. उजवा उलटा करा आणि मग दोन्ही मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो. आता तुमचा आवाज बेरजेत येतो आणि लूपमधले जे जे मधोमध होते ते वजा होते. लूप पूर्ण मोनो असेल तर ती साफ पुसली जाऊन कोरे निवेदन हातात येईल, मग लूप नव्याने खाली घाला. चुकीनेच चूक धुतली म्हणायची. लूप रुंद स्टिरिओ असेल तर तिचे विचित्र अवशेष मागे राहतील, अशा वेळी पहिलाच रस्ता.

खर्जातला
बरोबर, लूपचे लक्षात नव्हते आले. पण मग गाण्याच्या तोंडाशी, जिथे ती बोलत असतानाच गाणे सुरू होते, तिथे काय?

कानसेन
तिथे डावाच ठेवायचा, आणि शेवटचा शब्द संपला की अर्ध्या सेकंदाच्या क्रॉसफेडने (एक विरत असताना दुसरे उमटते) मूळ स्टिरिओवर जायचे. गाणे एका बाजूचे असताना एकदम उघडल्यासारखे वाटेल, पण ते मुद्दाम केल्यासारखे खपून जाते.

डेसिबल_दादा
परत एमपी३ बनवताना १९२ केबीपीएस, जॉइंट स्टिरिओ आणि स्थिर बिटरेट. बदलत्या बिटरेटच्या एमपी३त काही प्लेअर पुढे-मागे सरकताना चुकीच्या जागी जातात. आणि होस्टिंगच्या सेटिंगमध्ये "मोनोत रूपांतर" आहे का बघा. असते तर हेडफोनवाल्यांनाही निवेदन मिळाले नसते.

हक्काचा_माणूस
केबलचे झाले, पण गाणी वाजवायची परवानगी आहे का? ३० सेकंदांपर्यंत चालते असे इथे कुणी म्हणायच्या आत सांगतो, असा नियम नाही. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा (शब्द आणि चाल) आणि एक त्या ध्वनिमुद्रणाचा. स्वतंत्र कलाकाराकडे दोन्ही असतीलच असे नाही, चाल मित्राची असू शकते.

सुरपेटी
परवानगी प्रत्येकाची ईमेलवर घेतलेली आहे. प्रश्न तो नाही.

हक्काचा_माणूस
ईमेलमध्ये "डाउनलोड" शब्द आहे का? पॉडकास्ट म्हणजे श्रोत्याकडे प्रत उरते, नुसते प्रसारण नव्हे. शिवाय गाण्यावर बोलणार, फेड करणार, हेही लिहून घ्या. आणि कलाकाराने वितरकामार्फत गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) टाकले असेल तर त्याची स्वतःची परवानगी असूनही तुमच्या व्हिडिओवर दावा लागतो. तो यंत्र लावते, ईमेल वाचून नाही. वितरकाकडून तुमचे चॅनेल वगळून घ्यायला त्यालाच सांगा.

सुरपेटी
"डाउनलोड" नाही लिहिलेले. बरे झाले सांगितलेत.

चौकट_राजा
मुखचित्र चौरस आहे ना? १४०० ते ३००० पिक्सेल, आरजीबी (पडद्याचे रंग). सीएमवायके (छपाईचे रंग) चढवले तर अ‍ॅपल नाकारते.

डेसिबल_दादा
राजे, धागा चुकलात.

सुरपेटी
अपडेट. केबल आली. नवीन भाग रेकॉर्ड केला, फोनवर लख्ख. जुन्या भागांत लूप मोनो निघाली, दुसऱ्या रस्त्याने खरंच पुसली गेली, मागे स्सस्स राहिले तेवढे. आता फाइल बदलताना जुना भाग काढून नवा टाकू का?

डेसिबल_दादा
काढू नका. त्याच भागात नुसती फाइल बदला. फीडमधला जीयूआयडी (भागाचा ओळख-कोड) तोच राहिला पाहिजे, नाहीतर श्रोत्यांच्या अ‍ॅपमध्ये तोच भाग दोनदा दिसतो. ज्यांनी आधीच उतरवला आहे त्यांच्याकडे जुनाच राहील, त्यांना भागाच्या वर्णनात एक ओळ लिहून पुन्हा उतरवायला सांगा. ते स्सस्स एमपी३ चे आहे, लूप परत घातली की बरेच झाकले जाईल.

जॅकपिन
आणि ती जुनी केबल फेकू नका, फोन्ससाठी चांगली आहे. दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावून "फक्त फोन्स" लिहा.

सुरपेटी
लावली. लाल.