सर्व्हरवर फाईल टाकायला इतका वेळ काहून लागून राहिला?

धरमपेठवाली
नमस्कार मंडळी, आमचं धरमपेठेत आर्किटेक्टचं ऑफिस आहे, मी तशी अकाउंट्सची पण कम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क जे बंद पडलं ते माझ्याच गळ्यात येते. तर सर्व्हरवर ड्रॉइंगच्या फाईली टाकायला भल्ला वेळ लागून राहिला. ४ जीबीची फाईल सहा मिनिटं घेते, आधी मिनिटाच्या आत होत होती. सगळ्यांचं नाही, फक्त मागच्या हॉलमधल्यांचं. पुढच्या केबिनमध्ये सर्व्हर आहे तिथले पीसी मस्त पळतात. मी हॉलमध्येच बसते, माझ्या पीसीवर स्पीड १ जीबीपीएसच दाखवते म्हणजे वायर तर ठीकच असेल न? पण कॉपीचा स्पीड सेकंदाला ११.३ एमबीच्या पुढे सरकतच नाही. एएमसीवाला (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट घेतलेला) म्हणते सर्व्हर जुना झाला, नवा घ्या, कोटेशन पाठवून मोकळा पण झाला आणि साहेब सही करायच्या बेतात आहेत. लवकर सांगा बाप्पा.

बर्डीचा_वायरवाला
ताई, पहिले ती सही थांबवा. ११.३ हा आकडाच सांगून राहिला की लाईन कुठंतरी १०० मेगाबिटवर आली आहे. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा मेगाबाइट, त्यातून हेडर-बिडरचा (डेटासोबत जाणाऱ्या पत्त्या-बित्त्याचा) खर्च गेला की ११-साडेअकरा हातात येतात. गिगाबिटवर, म्हणजे १ जीबीपीएसवर, ११० च्या आसपास मिळाले असते. तुमच्या पीसीवर जे १ जीबीपीएस दिसते ते तुमच्या पीसीपासून हॉलमधल्या स्विचपर्यंतचंच (सगळ्या पीसीच्या वायरी जिथं जोडल्या असतात तो डबा) आहे, पुढचं त्याला काही माहीत नसते. हॉलच्या स्विचवरून केबिनच्या स्विचला जी एकच वायर जाते न, ती पाहा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. बाकी चारमधली एखादी गेली तर बरेचदा लिंक बंद पडत नाही, चुपचाप १०० वर उतरते. लाईट लागलेला, इंटरनेट चालू, मग कोणाला संशय येईल?

हिंगणा_हार्डवेअर
सर्व्हरमध्ये एसएसडी टाका, प्रॉब्लेम खतम. जुन्या हार्डडिस्का अशाच रखडतात.

साधा_अ‍ॅडमिन
भाऊ, डिस्क रखडत असती तर केबिनवाल्यांचं पण रखडलं असतं, त्यांचं तर पळून राहिलं. ताई, कॉपी करताना विंडोजच्या खिडकीत 'अधिक तपशील' दाबला की हिरवा ग्राफ दिसतो, तो पाहत जा. ११ वर एकदम सपाट रेघ असली तर १०० ची लिंक. आधी सुसाट वर जाऊन मग धपकन खाली आला तर सर्व्हरची रॅम भरेपर्यंत मजा होती, नंतर डिस्कला दम लागला. आणि शून्य-पाच-शून्य अशी करवत दिसली तर डुप्लेक्सची गडबड (फुल म्हणजे डेटा एकाच वेळी जाते-येते, हाफ म्हणजे आळीपाळीनं), म्हणजे एका बाजूला कोणीतरी हातानं १०० फुल सेट केलं आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, ती मग हाफवर जाते. तुमची रेघ सपाट आहे असं दिसते म्हणून मी पण वायरवाल्याच्या बाजूनं. खात्रीच पाहिजे असेल तर आयपर्फ३ नावाचा प्रोग्रॅम टाकून पाहा, ते डिस्कला हातच लावत नाही, फक्त नेटवर्क मोजते. केबिनमधून सर्व्हरला ९४० च्या आसपास मेगाबिट आणि हॉलमधून ९४ आले तर विषय संपला. फुकट आहे आणि हे पाहिल्याशिवाय जो कोटेशन पाठवते त्याची एएमसी मी तर नाही ठेवली असती.

धरमपेठवाली
सापडलं!! आयपर्फमध्ये हॉलमधून ९४.१, केबिनमधून ९४१. मग वायर धरून धरून गेलो तर खिडकीपाशी कूलरच्या स्टँडखालून गेली आहे, कूलरवाल्यानं उन्हाळ्याच्या सुरुवातीला कूलर बसवला तेव्हा एक पाय सरळ वायरवर ठेवून दिला आणि वरून टाकीचं पाणी थेंब-थेंब जॉइंटवर. कनेक्टर काढला तर दोन पिना हिरव्यागार. पोरानं तात्पुरती वायर हॉलमधूनच टाकून पाहिली तर ११२ एमबी, साहेब स्वतः उठून पाहायला आले. कोटेशन ड्रॉवरमध्ये गेलं. पण एक अजून, साइटच्या फोटोंचं फोल्डर, हजारो छोट्या फाईली, ते अजूनही रडत-रडतच जाते, तीस-चाळीस केबीवर येते कधी कधी.

साधा_अ‍ॅडमिन
ते वायरीचं नाही. दर फाईलला उघडा, परवानगी तपासा, लिहा, बंद करा असं सर्व्हरशी बोलणं चालते आणि मधात अँटिव्हायरस प्रत्येक फोटो हुंगते. एकतर झिप करून एकच फाईल पाठवा, नाही तर रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड) वापरा, त्यात एमटीचा पर्याय दिला की एकावेळी आठ फाईली जातात, आकडा वाढवताही येतो. अँटिव्हायरस पूर्ण बंद मात्र करू नका.

बर्डीचा_वायरवाला
आणि ताई, नवीन वायर कॅट६ दर्जाची घ्या, पण स्वस्तातली देऊन राहिला तर दुकानातच एक तार ब्लेडनं खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम आहे, तिथंच परत करा. आणि या वेळी कूलरच्या वरून न्या, खालून नाही.