कर्णबधिर लोकांमध्ये सेवेसाठी परदेशात जातोय, दोन मुलांना घेऊन. अनुभव असेल त्यांनी सांगा

नवीवाट:
सर्वांना सलाम. आम्ही दोघं, मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ५ ची. पुढच्या वर्षी आफ्रिकेतल्या एका देशात जातोय, देशाचं नाव इथे लिहीत नाही. तिथे डेफ मुलांची निवासी शाळा आहे आणि त्याच आवारात रविवारी डेफ लोकांची छोटी मंडळी (चर्च) भरते. नवरा सुतारकाम शिकवणार, मी लहान मुलांच्या वर्गात. आमच्या घरात कोणी डेफ नाही. पण आमच्या मंडळीत एक डेफ ताई वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर बसायची, सगळे उभे राहिले की उभी राहायची, बसले की बसायची, आणि तिला आतलं काय कळतं हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. ते मनाला इतकं लागलं की तिथूनच हे सगळं सुरू झालं.
दीड वर्ष व्हिडिओ बघून अमेरिकन साइन लँग्वेज (हातांच्या खुणांची भाषा) शिकतोय, ती तिथे चालेल का? आणि मुख्य काळजी मुलांची. मुलगी भराभर साइन उचलते, त्यामुळे लोक आत्ताच म्हणायला लागलेत की ही तर तुमची दुभाषी होणार, आणि ते ऐकून मला का कोण जाणे बरं वाटत नाही. मुलगा मात्र हात वर करायलाच तयार नाही, म्हणतो तिथे माझ्याशी बोलायला कोणीच नसेल. त्याच्यावर जबरदस्ती करायची का?

परतपाखरू:
ताई, आम्ही ११ वर्षं होतो, देश वेगळा पण काम हेच. आधी भाषेचं सांगते. साइन लँग्वेज जगात एक नाही, शेकड्यांनी आहेत, आणि तिथले लोक तोंडाने कुठली भाषा बोलतात यावरून अंदाज बांधू नका. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी, तरी तिथल्या डेफ माणसांना एकमेकांची साइन कळत नाही. अमेरिकन साइनचं नातं फ्रेंच साइनशी, कारण १८१७ ला अमेरिकेत हार्टफर्डला डेफ मुलांची शाळा निघाली तेव्हा शिकवायला लॉरां क्लेर्क हे डेफ शिक्षक फ्रान्सहून आले होते.
आफ्रिकेत मात्र तुमचं शिकलेलं कामाला येण्याची शक्यता बरीच आहे आणि त्याला कारण अँड्र्यू फॉस्टर. जायच्या आधी त्यांच्याबद्दल जरूर वाचा. अलाबामात जन्मलेले कृष्णवर्णीय गृहस्थ, ११ व्या वर्षी मेंदूच्या आजारात ऐकणं गेलं, १९५४ ला गॅलॉडेट या अमेरिकेतल्या डेफ लोकांच्या कॉलेजातून पदवी घेतली, तिथले पहिले कृष्णवर्णीय पदवीधर म्हणून ते ओळखले जातात. १९५७ ला घानात डेफ मुलांची शाळा काढली आणि पुढच्या ३० वर्षांत १३ देशांत ३० च्या वर शाळा उभ्या केल्या. पत्नी बेर्टा जर्मनीच्या, त्याही डेफ, पाच मुलं. १९८७ मध्ये रवांडात विमान अपघातात ते गेले. त्यांच्या शाळांमधून अमेरिकन साइन बऱ्याच देशांत पोचली, पण प्रत्येक ठिकाणी तिला तिथलं वळण लागलं. शिवाय घानातच आदामोरोबे नावाच्या गावात पूर्वीपासून चालत आलेली वेगळीच साइन आहे, फॉस्टर यायच्या कितीतरी आधीची.
म्हणून पहिलं वर्ष शिकवायला जाऊच नका, शिकायला बसा. मी तिसऱ्याच महिन्यात वर्ग घ्यायला लागले, मुलं छान मान डोलवायची, मला वाटायचं सगळं पोचतंय. वर्षभराने एका मोठ्या मुलीने सांगितलं की मॅडमना वाईट वाटू नये म्हणून आम्ही मान डोलवायचो. त्या रात्री खूप रडले, पण खरं शिकणं त्यानंतरच सुरू झालं. आणि तुमचं साइन नाव, म्हणजे तुम्हाला ओळखायची हाताची खूण, तुम्ही ठरवून नेऊ नका, ते तिथली डेफ माणसं देतात, त्यांना द्यायचं तेव्हा.
घरातल्या सवयी पण बदलाव्या लागतील. खिडकीला पाठ करून बसलात तर समोरच्याला तुमचा चेहरा काळा दिसतो. बोलवायचं तर दिवा चालूबंद करायचा नाहीतर जमिनीवर पाय आपटायचा. प्रार्थना डोळे उघडे ठेवून, कारण हातच दिसले नाहीत तर आमेन कशाला म्हणायचं? माझ्या मुलांना ही सवय इतकी लागली की परत आल्यावर मंडळीत डोळे मिटून प्रार्थना करायची हे त्यांना नव्याने सांगावं लागलं.

हातबोलतात:
मी स्वतः डेफ आहे, दोन देशांत डेफ मंडळीत काम केलंय, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मुलीला दुभाषी करू नका. तुम्हाला बरं वाटत नाही ते बरोबरच आहे. शिकलेले इंटरप्रिटरसुद्धा साधारण २०-३० मिनिटांनी आळीपाळीने बदलतात कारण डोकं थकतं, आणि इथे पाच वर्षांचं लेकरू. सुरुवातीला काय, दुकानात विचार, पाहुण्यांना सांग, एवढंच असतं. मग कोणाचा आजार, कोणाचं नवरा-बायकोचं भांडण, दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं तिच्या हातातून जायला लागतं. डेफ आईबापांच्या मुलांवर हे ओझं येतं तेव्हा निदान नाइलाज असतो, तुमच्याकडे तर दोन धडधाकट मोठी माणसं आहेत.
त्यापेक्षा घरात एकच नियम करा, डेफ माणूस घरात असेल तेव्हा आपापसातसुद्धा हातानेच बोलायचं. मीठ दे, दार लाव, सगळं. मी कितीतरी मिशनरी घरांत जेवलोय, माझ्याशी बोलताना साइन करतात आणि मग एकमेकांकडे वळून तोंडाने बोलतात, हसतात, मी काय म्हणून विचारलं की म्हणतात काही नाही, नंतर सांगतो. ते नंतर कधी येत नाही.
आणि तिथे गेल्यावर बघा की उपदेश कोण करतंय. ऐकू येणारा पाळक (चर्चचा धर्मगुरू) पुढे आणि बाजूला इंटरप्रिटर, असं कायमचंच चालू असेल तर ती डेफ ताई अजून शेवटच्याच बाकावर आहे, फक्त बाक पुढे आणलाय. अमेरिकन साइनमधलं संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) २०२० ला पूर्ण झालं, जवळपास चार दशकांचं काम, सगळं व्हिडिओवर, आणि अनुवादात डेफ लोक स्वतः होते. कागदावरचं का पुरत नाही तर आमच्यातल्या अनेकांना लिहिलेली भाषा ही दुसरी भाषा असते, वाचून डोक्यात जातं पण मनात उतरत नाही. बायबलमध्ये मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका बहिऱ्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला घेतो आणि बोटांनी त्याच्या कानांना, जिभेला स्पर्श करतो. लोक चमत्काराबद्दल बोलतात, मला मात्र ते बाजूला घेणंच आधी दिसतं. शब्द बोलायच्या आधी त्याला कळेल अशा रीतीने, हातांनी.

पाचशाळा:
मी अशाच घरात वाढलो, आईबाबा डेफ शाळेत होते, मी गेलो तेव्हा ८ वर्षांचा. तुमच्या मुलाचं मला कळतं. जबरदस्ती नको. मला साइन आली ती वर्गात नाही, फुटबॉलमध्ये आली, पास दे, ऑफसाइड, तुझीच चूक, भांडायला शब्द हवेत म्हणून. सहा महिन्यांत आईच्या पुढे गेलो.
पण एक गोष्ट आईबाबांना कळली नाही ती सांगतो. दहातली नऊ डेफ मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे सुट्टी लागली की काही मुलांना घरी जायचंच नसायचं, घरी त्यांच्याशी बोलणारं कोणी नाही. ती आमच्याकडे थांबायची. मला त्यांची दया यायची आणि त्याच वेळी खूप हेवा वाटायचा, की बाबा त्यांच्याशी तासन्‌तास बोलतात आणि मी काही विचारलं तर म्हणतात तुझं काय, तुला तर सगळं मिळालंय. देवाच्या कामाबद्दल तक्रार करायची कशी, म्हणून गप्प बसायचो. पुढे पंचविशीत एकदा सगळं बाहेर आलं तेव्हा बाबा खूप वेळ काहीच बोलले नाहीत, मग हाताने सॉरी केलं. तोंडाने नाही. आमच्या घरात खरं बोलायचं असेल तर हातानेच निघायचं.
तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त तुमच्या चौघांची ठेवा. आणि प्रार्थनापत्रात, म्हणजे आपल्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना पाठवतो त्या पत्रात, मुलाबद्दल काही लिहायचं असेल, फोटो टाकायचा असेल, तर आधी त्याला विचारा. माझ्या रडण्याची गोष्ट तीनशे लोकांना गेली होती.

नवीवाट:
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, हे वाचून आम्ही दोघं रात्री बराच वेळ जागे होतो. हातबोलतात दादा, तुमचं बाकाचं वाक्य नवऱ्याने दोनदा वाचून दाखवलं. शाळेला मेल करून विचारलंय की उपदेश कोण करतं आणि पहिलं वर्ष मला वर्गात नुसतं बसू देतील का. मुलाला मी सांगितलं की शिकायचं की नाही ते तू तिथे गेल्यावर ठरव, तर त्याने विचारलं फुटबॉल आपला न्यायचा की तिथे असतो.

परतपाखरू:
न्या, आणि दोन न्या. अजून एक, रात्री लाइट जाण्याचा प्रश्न असेल तर चार्जिंगचा कंदील कायम जेवणाच्या टेबलावर ठेवा. आमच्याकडे पहिल्यांदा अंधार झाला तेव्हा सहा पाहुणे बसले होते आणि सगळ्यांचं बोलणं एकदम तुटलं, वाक्याच्या मधेच. दिवा सापडेपर्यंत शेजारी बसलेल्या आजींनी माझा हात धरून ठेवला होता.