मूल नाही, आईबाबा बसतात स्क्रीनसमोर

‘मूल स्क्रीनसमोर टिकत नाही, ऑनलाइन स्पीच थेरपीचे (बोलायला अडचण असलेल्या मुलांसाठीच्या उपचारांचे) पैसे वाया’ असं एका पालकांनी म्हटलंय. मुलालाच बसवणार असाल तर पटतं. पण आमच्या थेरपिस्ट माझ्याशी बोलतात, लेक मागे गाड्या खेळतो. त्याचा जेवतानाचा व्हिडिओ बघून त्या सांगतात, “ताई, इथे त्याने वरणाच्या वाटीकडे बघितलं, ते मागणंच आहे. ‘वरण’ म्हणा आणि थांबा.” हे थांबणं फार अवघड असतं हो!

अजून एक सांगते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप फुकट आहे, मराठीतही चालतं. ज्यांना बोलणं जमत नाही, त्यांनी चित्रावर बोट ठेवलं की ॲप तो शब्द मोठ्याने म्हणतं. चित्रांमुळे मूल बोलायचं थांबेल ही भीती कृपया सोडा. आमच्याकडे ‘अजून’ आधी बोटाने आलं, मग तोंडाने. आजी-आजोबांनाही वापरायला शिकवा.