प्रतिसाद: केंद्र आरंभबिंदूवर नसेल तेव्हा

ज्या उत्तराला हा प्रतिसाद आहे, त्यात फिरवण्याचे केंद्र (२, १) धरून त्रिकोण घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने ९०° फिरवताना (x, y) चे (−y, x) हे सूत्र थेट लावले आहे. परंतु ते सूत्र केंद्र आरंभबिंदूवर, म्हणजे (०, ०) वर, असेल तरच लागू पडते. शिरोबिंदू (५, ३) घेतला, तर आधी त्यातून केंद्राचे निर्देशक वजा करून (३, २) मिळवावे, ते फिरवून (−२, ३) करावे आणि त्यात केंद्राचे निर्देशक पुन्हा बेरीज करून घ्यावे, म्हणजे प्रतिमा (०, ४) येते. थेट सूत्राने मात्र (−३, ५) मिळते.

ही चूक सहज लक्षात येत नाही, याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. चुकीच्या रीतीने मिळालेला त्रिकोणही मूळ त्रिकोणाशी एकरूप असतो आणि त्याच्या बाजू योग्य दिशेनेच वळलेल्या असतात. फक्त त्याचा प्रत्येक शिरोबिंदू योग्य जागेपासून ३ एकक डावीकडे आणि १ एकक वर सरकलेला असतो. म्हणून केवळ बाजूंची लांबी मोजून पडताळा घेणे पुरेसे नाही. केंद्रापासूनचे अंतर तपासावे: (५, ३) आणि (०, ४) हे दोन्ही बिंदू केंद्रापासून √१३ अंतरावर आहेत, आणि त्यांना केंद्राशी जोडणाऱ्या रेषांचे चढ २/३ व −३/२, म्हणजे त्यांचा गुणाकार −१, असल्याने त्या परस्परांना लंब आहेत.